सहा ग्रॅमला घाबरू नका, ती पेनकिलर मात्र आजच थांबवा

पत्र:

"माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. दोन महिने कंबर दुखत होती, मग थंडी वाजून ताप येऊ लागला. एमआरआयमध्ये कमरेच्या दोन मणक्यांत आणि मधल्या चकतीत इन्फेक्शन निघालं. रक्ताच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला. पहिले तीन दिवस व्हँकोमायसिन दिलं. रिपोर्ट आल्यावर ते बंद करून सेफाझोलिन सुरू केलं, दोन ग्रॅम दर आठ तासांनी, म्हणजे दिवसाला सहा ग्रॅम, एकूण सहा आठवडे. दंडात पिक लाइन (शिरेतून औषध द्यायची बारीक नळी) घालून घरी सोडलंय, नर्स येऊन इंजेक्शन देतात. आज बारावा दिवस. ताप गेलाय, पण तोंडाला चव नाही, गळून गेल्यात, दिवसातून दोनदा पातळ होतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) ०.९ होतं ते १.१ झालंय. दुखणं असह्य झालं की आम्ही डायक्लोफेनॅकची गोळी देतो, एरवी बीपीची टेल्मिसार्टन रोजची चालू आहे. दीर म्हणतात, या वयात इतका हेवी डोस झेपणार नाही, किडनी जाईल. ताप गेलाय तर डोस निम्मा करा, नाहीतर गोळ्यांवर आणा. इंटरनेटवर साइड इफेक्टची यादी वाचल्यापासून मला झोप नाही. डॉक्टरांना विचारावं तर त्यांच्यावर विश्वास नाही असं त्यांना वाटेल. काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ती सेफाझोलिनची नाही, डायक्लोफेनॅकची आहे. ती गोळी आजपासून बंद करा आणि आजच डॉक्टरांना फोन करून "आम्ही ही देत होतो" असं सांगा. कदाचित त्यांना हे माहीतच नसेल. घरातल्या डब्यातली गोळी कोणी फाइलमध्ये लिहीत नाही.

कारण सांगतो. मूत्रपिंडात रक्त शिरतं त्या बारीक वाहिन्या उघड्या ठेवण्याचं काम शरीरातली काही द्रव्यं करत असतात, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा पेनकिलर नेमकी तीच द्रव्यं कमी करतात. टेल्मिसार्टन रक्त बाहेर पडण्याच्या बाजूची वाहिनी सैल करतं, त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो. त्यात जुलाबाने आणि न खाण्या-पिण्याने शरीरातलं पाणी कमी झालेलं. यातली एकेक गोष्ट एकटी असती तर बहुतेक निभावून गेली असती. तिन्ही एकत्र आल्या की ६७ वर्षांच्या मूत्रपिंडाची तारांबळ उडते. सुरुवातीच्या तीन दिवसांच्या व्हँकोमायसिननेही थोडा हातभार लावला असेल, ते औषध मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. उलट सेफाझोलिन या बाबतीत बरंच सौम्य आहे. तुमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट येताच औषध बदललं त्यामागे हेही एक कारण असणार. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: स्टॅफिलोकॉकस सेफाझोलिनला दाद देणारा असेल, तर त्याच्यावर ते व्हँकोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं. म्हणजे औषध "वाढवलं" नाही, नेमकं केलं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किती आणि किती वेळाने द्यायचं, त्याने भागलं नाही तर काय, हे त्याच फोनवर विचारून घ्या. दुखणं खरं आहे, मणक्याचं इन्फेक्शन फार दुखतं. "सहन करा" असं मी मुळीच म्हणत नाही. टेल्मिसार्टन मात्र स्वतःहून बंद करू नका. पातळ होतंय आणि खाणं कमी आहे एवढं सांगा, ते चालू ठेवायचं की काही दिवस थांबवायचं हे बीपी बघून डॉक्टर ठरवतील.

आता क्रिएटिनिन. ०.९ वरून १.१ ही वाढ घाबरण्यासारखी नाही, दुर्लक्ष करण्यासारखीही नाही. मूत्रपिंडाला अचानक इजा झाली असं डॉक्टर म्हणतात ते ४८ तासांत ०.३ किंवा त्याहून जास्त वाढलं, किंवा आठवडाभरात मूळ आकड्याच्या दीडपट झालं तर. तुमचा आकडा त्याच्या अलीकडे आहे. पण वयस्क बाईंच्या बाबतीत १.१ हा आकडा दिसतो त्यापेक्षा थोडा फसवा असतो. सासूबाईंचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. साठ किलो धरलं, तर वय, वजन आणि क्रिएटिनिन घालून जो कॉक्रॉफ्ट-गॉल्टचा हिशोब करतात त्याने त्यांचं मूत्रपिंड मिनिटाला साधारण ४७ मिली गाळतंय. ०.९ असताना ते ५७ च्या आसपास होतं. सेफाझोलिन दर आठ तासांनी पूर्ण डोसमध्ये ३५ पर्यंत देता येतं. त्याच्या खाली गेलं की डोस निम्मा करतात आणि दोन डोसांमधलं अंतर वाढवतात. याच हिशोबाने सासूबाईंचं क्रिएटिनिन १.५ च्या आसपास गेलं, तर ती वेळ येईल.

म्हणजे तुमचे दीर म्हणतात तो "निम्मा डोस" अस्तित्वात आहे. फक्त तो आकडा बघून ठरतो, वय बघून किंवा ताप उतरला म्हणून नाही. आणि मूत्रपिंड खरोखर मंदावलं असताना पूर्ण डोस तसाच चालू राहिला तर औषध साठत जातं. माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, स्नायूंना झटके येतात, क्वचित फिटही येते. तेव्हा दिरांच्या काळजीला मी वेडगळ म्हणणार नाही. त्या काळजीचं उत्तर मात्र वेळच्या वेळी रक्त तपासणं हे आहे. मनाने डोस उतरवून ते मिळत नाही.

सहा ग्रॅम हा आकडा मोठा का वाटतो? कारण आपण तो दुसऱ्या औषधांच्या आकड्यांशी ताडून बघतो. अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसाला पुरते, मग हे बारापट का? अझिथ्रोमायसिन पेशींमध्ये शिरून दिवसेंदिवस ठाण मांडतं. सेफाझोलिन साधारण दोन तासांत रक्तातून निम्मं होतं आणि जवळजवळ जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. भोक असलेल्या बादलीत पाण्याची पातळी टिकवायची तर वरून ओतत राहावं लागतं, तसा हा मामला आहे. शिवाय या जातीच्या औषधांचं एक वैशिष्ट्य आहे. एका क्षणी रक्तात किती उंच पातळी गाठली याला फारसं महत्त्व नसतं, जंतूला आवर घालणाऱ्या किमान पातळीच्या वर ते दिवसातला किती वेळ राहिलं याला असतं. म्हणून दर आठ तासांनी. नर्सना यायला दोन-तीन तास उशीर झाला तर काय करायचं, हेही म्हणूनच विचारून ठेवा.

त्यात जागा वाईट आहे. प्रौढ माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, आणि हाडात औषधाची पातळी रक्तातल्यापेक्षा बरीच कमी भरते. रक्तात भरपूर औषध असेल तेव्हा कुठे तिथे पुरेसं झिरपतं. फार गंभीर आजारांत सेफाझोलिन दिवसाला १२ ग्रॅमपर्यंतही दिलं गेलेलं आहे. सासूबाईंचे सहा ग्रॅम हा मणक्याच्या या आजारातला नेहमीचा डोस आहे.

डोस कमी पडला की काय होतं याची वैद्यकाच्या इतिहासातली नोंद फार जुनी नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. चेहऱ्यावर, डोळ्यात, फुप्फुसात इन्फेक्शन पसरलेला तो माणूस काही दिवसांत चक्क सुधारू लागला, ताप उतरला, जेवू लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून परत गाळून काढून तेच पुन्हा देत होते. मग तेही संपलं. जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली आणि मार्चमध्ये तो गेला. ताप उतरला म्हणजे जंतू संपले असं नसतं, हे तेव्हापासून डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

सहा आठवडे हा आकडाही अंदाजपंचे नाही. पूर्वी अशा मणक्याच्या इन्फेक्शनला बारा-बारा आठवडे औषध देत. फ्रान्समध्ये सुमारे साडेतीनशे रुग्णांवर सहा विरुद्ध बारा आठवडे अशी तुलना झाली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले: दोन्हीकडे सुमारे ९१ टक्के बरे झाले. म्हणजे जो कोर्स तुम्हाला लांबलचक वाटत असेल तो आधीच अर्ध्यावर आणलेला आहे.

डोस निम्मा केल्याने साइड इफेक्ट निम्मे होतील, या समजुतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ शहाणी माणसं इथे फसतात. काही दुष्परिणाम डोसाबरोबर वाढतात. वर सांगितलेला गोंधळ आणि झटके हे त्यातले. जेंटामायसिन, अमिकासिन या इंजेक्शनांनी मूत्रपिंडाला आणि कानाला होणारी इजाही त्यातच येते, आणि कानाची इजा बहुतेकदा भरून येत नाही. (ज्या वाचकांच्या घरी ही औषधं चालू आहेत त्यांनी कानात आवाज येणं, ऐकू कमी येणं, तोल जाणं याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावं.) काही दुष्परिणाम दिवसांबरोबर वाढतात. सेफाझोलिनसारखी औषधं दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालली की काही जणांच्या पांढऱ्या पेशी उतरतात. आणि काहींना डोसाशी फारसं देणंघेणंच नसतं. ॲलर्जी थोड्या औषधानेही येते. आतड्यातले उपयोगी जंतू निम्म्या डोसानेही मरतात. म्हणजे डोस निम्मा करून सासूबाईंचे जुलाब थांबतीलच असं नाही, आणि मणक्यातल्या जंतूंना मात्र उसंत मिळेल.

तुम्ही वाचलेल्या यादीचं दुखणं असं की तिच्यात मळमळ आणि मृत्यू शेजारी शेजारी, एकाच टायपात छापलेले असतात. अनेक माहितीपत्रकांत "कॉमन" म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना, आणि "रेअर" म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना असा ठरलेला अर्थ असतो. पुन्हा वाचायचीच असेल तर यादी त्या शब्दांसकट वाचा. नाहीतर सरळ वाचू नका, मला वाटतं ते बरं.

जुलाबाकडे मात्र डोळे उघडे ठेवा. दिवसातून दोनदा पातळ होणं हे अँटिबायोटिक घेणाऱ्या पुष्कळांना होतं. पण २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं होऊ लागलं, पोटात कळा आल्या, ताप परतला किंवा शौचात रक्त दिसलं, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची शंका घ्यावी लागते. उपयोगी जंतू मेल्यावर हा जंतू आतड्यात माजतो, आणि त्याचा उपचार वेगळा असतो. अशा वेळी जुलाब थोपवणारी गोळी स्वतःहून देऊ नका, आधी शौचाची तपासणी. अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहरा सुजणं, श्वास लागणं, यात तर थांबायचंच नाही. इंजेक्शन चालू असताना असं झालं तर ते तिथेच बंद करायचं आणि तातडीने दवाखाना गाठायचा. नर्सना हे माहीत असतं, तरी तुम्हालाही माहीत असू दे. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर तीही सांगा, सेफाझोलिनने तिचा परिणाम वाढू शकतो.

चव जाणं आणि गळून जाणं याचं खापर औषधावर फोडण्याची घाई करू नका. दोन महिने हाडात इन्फेक्शन घेऊन वावरलेलं शरीर आहे. इतकी झीज बारा दिवसांत भरून येत नाही.

गोळ्यांबद्दल तुमचे दीर अर्धे बरोबर आहेत, आणि ते अर्धं मान्य करायला हवं. हाडाच्या इन्फेक्शनला इंजेक्शनच हवं हा नियम आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये १,०५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओव्हिव्हा' चाचणीत हाडा-सांध्याच्या इन्फेक्शनला पहिल्या सहा आठवड्यांत तोंडाने औषध देणं इंजेक्शनइतकंच चाललं. उपचार फसण्याचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत १४.६ टक्के, गोळीवाल्यांत १३.२. लाइनमुळे होणारे त्रास गोळीवाल्यांत अर्थातच फार कमी. पण त्या चाचणीत ज्यांच्या रक्तातच स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला होता अशांना घेतलंच नव्हतं. सासूबाई नेमक्या त्या गटातल्या आहेत. रक्तात हा जंतू फिरला असेल तर तो हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेला नाही ना, हे इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) बघावं लागतं, आणि नंतरचं रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आलं का तेही. हे दोन्ही झालं का, हा प्रश्न मी तुमच्या जागी असतो तर पहिला विचारला असता.

पुढे कधी गोळ्यांवर आणलंच, तर गोळी म्हणजे सौम्य हा समज सोडून द्या. या आजारात बहुधा लिव्होफ्लॉक्सासिन आणि रिफाम्पिसिनची जोडी देतात. पहिल्याने टाचेच्या वरचा, स्नायू हाडाला जोडणारा दोर (टेंडन) दुखावू शकतो, साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत जास्तच. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं औषध त्याच्याबरोबर घेतलं तर ते अंगी लागत नाही, मध्ये काही तासांचं अंतर लागतं. दुसऱ्याने लघवी नारिंगी होते (निरुपद्रवी आहे, पण आधी सांगितलं नाही तर घरात गोंधळ उडतो) आणि इतर कितीतरी औषधांचा असर बदलतो. लिनेझोलिड दिलं तर दर आठवड्याला प्लेटलेट बघाव्या लागतात, आणि चार आठवड्यांपलीकडे हातापायांच्या नसा आणि नजर यांचा धोका वाढतो. सेफाझोलिन या सगळ्यांच्या तुलनेत गरीब म्हणावं असं औषध आहे.

लाइनकडे रोज बघा: दंड सुजणं, लाल होणं, दुखणं, किंवा लाइनमधून औषध सोडलं की हुडहुडी भरणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी कळवायचं. आणि एक गोष्ट, जी साइड इफेक्टच्या भीतीत घरातली माणसं विसरतात. मूळ आजारही अजून अंगात आहे. पायांत बधिरपणा किंवा ताकद कमी होणं, चालताना पाय लटपटणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागी संवेदना जाणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मणक्यातला पू मज्जारज्जूच्या नसांवर दाबत असेल, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

डॉक्टरांना राग येईल का? "डोस जास्त वाटतो, कमी करा" असं म्हणालात तर कदाचित कपाळाला आठी पडेल. "दर आठवड्याला कोणत्या तपासण्या करायच्या आणि कोणता आकडा कुठे गेला की तुम्हाला कळवू?" असं विचारलंत तर चांगल्या डॉक्टरांना उलट हायसं वाटतं, कारण घरी सोडलेल्या रुग्णाची त्यांना भीती असते ती कोणी बघत नसण्याची. आठवड्यातून एकदा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), क्रिएटिनिन आणि सीआरपी (इन्फेक्शनची धग किती आहे ते दाखवणारी रक्ताची तपासणी), मधूनमधून यकृताच्या तपासण्या, एवढं अशा कोर्समध्ये साधारणपणे करतात. क्रिएटिनिन वाढलेलं असल्यामुळे पुढची तपासणी आठवड्याच्या आतच करायची का, हे आजच्याच फोनवर ठरवून घ्या. चालू असलेली प्रत्येक गोळी, आयुर्वेदिक असेल तर तीही, एका कागदावर लिहून न्या. दिरांना सोबत न्या. त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या, निरोप्याचं काम तुम्ही का करायचं?

सीआरपी उतरत गेलं आणि दुखणं हळूहळू कमी झालं तर एमआरआय पुन्हा करण्याचा आग्रह धरू नका. रुग्ण सुधारत असतानाही चित्र बरेच आठवडे वाईटच दिसतं आणि त्यावरून घरात उगाच रडारड होते. औषध संपल्यावर लाइन वेळेवर काढून घ्या, "असू दे, लागेल कधी" म्हणून ठेवायची नसते. आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब लागले किंवा ताप आला, तर ज्या कोणा डॉक्टरांकडे जाल त्यांना सहा आठवडे सेफाझोलिन झालंय हे आधी सांगा.